‘खास महिलांसाठी’ म्हणजे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

पुण्यातली बुधवार पेठ म्हटली की प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं. भाविकाला दगडूशेठ हलवाई गणपती आणि तांबडी जोगेश्वरी आठवते. विद्यार्थ्याला अप्पा बळवंत चौक आठवतो. घराचं वायरिंग काढलेल्या माणसाला तपकीर गल्ली आठवते. आणि बायकांना, त्यातही घरात लग्न, मुंज, डोहाळजेवण असं काही निघालेल्या बायकांना, तुळशीबाग आठवते. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

मी वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना विपणन, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत मार्केटिंग, हा विषय शिकवते. पुस्तकातला बाजार सांगून मुलं जांभया द्यायला लागली की मी त्यांना म्हणते, एक शनिवार काढा आणि बुधवार पेठेत पायी फिरून या. एकच गोष्ट टिपून आणा. कोणतं दुकान कोणाशी बोलतं? हा माल बाईसाठी आणि तो पुरुषासाठी, हे तुम्हाला कशावरून कळलं?

मुलं वह्या भरून टिपणं आणतात. त्यातून दरवर्षी एक गोष्ट समोर येते. पेठेच्या एका बाजूला बाईनं वापरायच्या वस्तू आहेत. दुसऱ्या बाजूला त्या वस्तू चालू ठेवणारं, दुरुस्त करणारं सामान आहे. मधे एक भिंत आहे, पण ती दिसत नाही. आज या भिंतीविषयी थोडं बोलू.

आधी तुळशीबाग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेशवाईत, नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी इथे रामाचं देऊळ उभारलं. पुढे देवळाच्या आवारात आणि भोवतालच्या बोळांत दुकानं वाढत गेली. पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, किसण्या, झारे, देवाची उपकरणी, संक्रांतीचं वाण, रुखवताचं सामान, बांगड्या, टिकल्या, गंगावनं, खोटे दागिने, ओढण्या, पर्सेस आणि भातुकली. एका मुलानं टिपणात लिहिलं होतं, ‘स्वयंपाक, शृंगार आणि सणवार असे तीन कप्पे केले की तुळशीबाग संपली.’ गमतीनं लिहिलेलं असलं तरी निरीक्षण पक्कं आहे.

तुळशीबागेची थट्टा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. पुण्यातल्या कित्येक पिढ्यांच्या बायकांना एकटीनं हिंडण्याची, घासाघीस करण्याची, स्वतःच्या पसंतीनं चार पैसे खर्चण्याची मोकळीक याच बोळांनी दिली. ‘जरा तुळशीबागेत जाऊन येते’ या वाक्यात घरातून दोन तासांची सुटका असायची. मीही ती घेतलेली आहे आणि अजून घेते.

आता तपकीर गल्ली. वायर, स्विच, होल्डर, पंख्याचे कपॅसिटर, दिव्यांच्या माळा. ‘फक्त पुरुषांसाठी’ अशी पाटी इथे कुठेही नाही, आणि तिची गरजही नाही. काही वर्षांपूर्वी मी तिथल्या एका दुकानात वायर घ्यायला गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, “ताई, किती एमएमची हवी ते साहेबांना विचारून या.” मी म्हटलं, “दीड एमएमची हवी, नव्वद मीटरचं बंडल द्या.” त्यांनी मुकाट्यानं बंडल काढलं, आणि बिल करताना विचारलं, “साहेबांचं नाव काय लिहू?” माणूस सभ्य होता, बोलणं गोड होतं. मला कमी लेखावं असं त्यांच्या मनातही नसणार. वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानात जे गिऱ्हाईक येत आलं, त्यावरून त्यांचा अंदाज बसलेला होता.

घरात मिक्सर कोण चालवतं? कुकर, कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्री, घरघंटी कोण चालवतं? बहुतेक घरांत दिवसभरात सगळ्यात जास्त यंत्रं हाताळणारी व्यक्ती बाईच असते. पण त्या यंत्राचं झाकण उघडायची वेळ आली की ते काम तिचं राहत नाही. वापरणं तिचं, उघडणं त्याचं, अशी ही वाटणी आहे.

तिची किंमत काय असते ते सांगते. आमच्या शेजारी एक आजी राहतात. यजमान गेल्यावर एकट्याच. एका संध्याकाळी त्यांच्या घरातली वीज गेली. शेजारच्या घरांत दिवे होते. आजींनी मेणबत्ती लावली आणि रात्र तशीच उकाड्यात काढली. सकाळी कोणाला तरी सांगितलं, तेव्हा कळलं की मीटरजवळच्या डब्यातला एक खटका खाली पडला होता. तो बोटानं वर करायचा होता, बस. चाळीस वर्षांच्या संसारात तो डबा त्यांनी एकदाही उघडला नव्हता. ‘ते हे बघायचे,’ आजी म्हणाल्या. पुरणाची पोळी कागदासारखी पातळ लाटणारे, सोऱ्याची प्रत्येक चकती नावानं ओळखणारे हात. त्यांना तो खटका जड जाणार होता का? कोणी त्यांना तो कधी दाखवलाच नव्हता.

म्हणून ‘खास महिलांसाठी’ हे शब्द मला नीट तपासून घ्यावेसे वाटतात. माझ्या मते या शब्दांमागे तीन वेगवेगळे व्यवहार असतात, आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिला व्यवहार खऱ्या गरजेचा. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. त्या वेळची लेडीज सायकल आठवा. पुढचा आडवा दांडा खाली उतरता केलेला, मागच्या चाकाला जाळी. साडी किंवा परकर नेसून चढता-उतरता यावं, पदर चाकात जाऊ नये, यासाठी कोणीतरी विचार करून केलेला तो बदल होता. रंग काळाच होता. ‘खास महिलांसाठी’ या शब्दांचा हा प्रामाणिक अर्थ.

याच पुण्यातल्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लुना बाजारात आणली. हलकी, गिअर नसलेली, मधे पाय टाकायला मोकळी जागा असलेली. लुनावर ‘बायकांची गाडी’ असा शिक्का नव्हता. शिक्षिका, परिचारिका, बँकेत काम करणाऱ्या, क्लासला जाणाऱ्या मुली, अशा कितीतरी जणींनी ती आपली म्हणून घेतली. लुना, मग गिअर नसलेल्या स्कूटर, असं करत पुण्यातल्या बायका तीन दशकं रस्त्यावर होत्या. त्यानंतर २००५ च्या सुमारास हीरो होंडानं प्लेझर नावाची स्कूटर खास मुलींसाठी म्हणून आणली. मजा फक्त मुलांनीच का करायची, अशा अर्थाचा सवाल तिची जाहिरात करत होती. पुण्यातल्या बायकांना तो ऐकून हसू आलं असेल. त्यांनी हा सवाल केव्हाच निकालात काढला होता. बाजार बऱ्याचदा असा मागून येतो आणि पुढे असल्याचा आव आणतो.

दुचाकीवरच्या पुणेरी मुलींचा तोंडाला बांधलेला स्कार्फ घ्या. तो कोणत्या कंपनीनं शोधला नाही. ऊन, धूर आणि नको असलेल्या नजरा यांवर मुलींनीच काढलेला तो उपाय. मग तुळशीबागेत स्कार्फ, लांब हातमोजे आणि सनकोट यांचे ढीग लागले.

दुचाकीचीच आणखी एक गोष्ट. मागच्या चाकाला जी जाळी असते तिला आपण ‘साडीगार्ड’ म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम पाहा. त्यात साडीचं नावही नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं साधन हवं, एवढंच तो नियम सांगतो. मागे बसलेल्या आजोबांचं धोतरही त्यात आलं. पण बाजारानं आणि आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की मागे बसते ती साडीच.

दुसरा व्यवहार रंग बदलण्याचा. वस्तू तीच, वेष्टन गुलाबी, नाव नाजूक, आणि किंमत थोडी वरची. दाढीचं पातं, पेन, इअरफोन, प्रथिनांची पावडर, काहीही घ्या. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागानं २०१५ मध्ये सुमारे ८०० वस्तूंच्या किमती तपासल्या. बायकामुलींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू, पुरुषांच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. साबण-शाम्पूसारख्या अंगाला वापरायच्या वस्तूंत हा फरक १३ टक्के होता. याला तिकडे ‘गुलाबी कर’ असं नाव पडलं आहे. हा कर सरकार लावत नाही. तो आपण आपल्या हौसेनं भरतो.

आणि गुलाबी हा बायकांचाच रंग, हे तरी कोणी ठरवलं? १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकानं मुलग्यांसाठी गुलाबी आणि मुलींसाठी निळा रंग सुचवला होता. आपल्याकडे तर लग्नात गुलाबी फेटे बांधून मिरवणारे पुरुषच. कानात भिकबाळी घालणाऱ्या पेशवाईतल्या पुरुषांना कोणी ‘बायकी’ म्हटलं नाही. गुलालात न्हालेल्या कार्यकर्त्याला मिरवणुकीत कोणी हसत नाही. रंगाला आणि दागिन्याला मुळात स्त्री-पुरुष असा भेद नसतो. तो विकणारा चिकटवतो, कारण घरात एक वस्तू चालण्यासारखी असताना दोन खपतात. भावाची निळी सायकल लहान बहिणीला चालली असती. ती गुलाबीच हवी म्हटलं की दुसरी विकत आणावी लागते.

कधीकधी तर ‘खास महिलांसाठी’ म्हणून वस्तूतून काहीतरी काढूनच घेतलं जातं. खिशाचं उदाहरण घ्या. नऊवारी नेसणारी बाई कनवटीला पैसे लावायची. गावाकडच्या बाईच्या कमरेला चंची असायची. म्हणजे चार नाणी अंगाबरोबर ठेवायची सोय तिच्याकडे होती. मग शिवलेले ड्रेस आले, तयार कुडते आले, आणि खिसा गेला. असलाच तर इतका उथळ की त्यात मोबाइल राहत नाही. मग पर्स घ्या. ती कुठे मिळते? त्याच दुकानाच्या शेजारी.

तिसरा व्यवहार सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग, तो म्हणजे कामाची वाटणी. इथे वस्तू बाईसाठी नसतेच. ती संपूर्ण घरासाठी असते. कपडे सगळ्यांचे मळतात, भांडी सगळ्यांची खरकटी होतात, फरशी सगळ्यांच्या पायांनी घाण होते. पण जाहिरात बोलते फक्त बाईशी. १९८० च्या दशकात दूरदर्शन पाहिलेल्यांना सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आठवत असतील. ॲलेक पदमसी यांनी घडवलेलं आणि कविता चौधरी यांनी साकारलेलं ते पात्र. करकरीत बोलणारी, हिशेबी, कोणाच्या बोलण्याला न भुलणारी बाई. त्या काळच्या रडक्या, लाजऱ्या गृहिणींमध्ये ललिताजी मला अजूनही आवडतात. त्यांनी बाईला अक्कल असते हे मान्य केलं. पण ती सगळी अक्कल कपड्यांच्या शुभ्रतेवर खर्च होत होती, आणि कपडे धुणं हे कोणाचं काम हा प्रश्न तेव्हा निघालाच नाही. तो प्रश्न एरियल या दुसऱ्या एका धुण्याच्या पावडरीनं २०१५ मध्ये जाहिरातीतूनच विचारला, आणि लोकांना तो आवडलाही. पावडर त्यांनाही विकायचीच आहे, हे खरं. तरीही प्रश्न योग्य होता.

किती योग्य होता, ते आकड्यांत सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, तेसुद्धा ८८ मिनिटं. म्हणजे रोज तीन तास आणि वर एकवीस मिनिटांचा फरक. वर्षाचे किती तास झाले ते घरी बसून काढा. त्या वेळात काय काय शिकता आलं असतं, कमावता आलं असतं, किंवा नुसतं पडून राहता आलं असतं, तेही काढा.

या तिन्ही व्यवहारांत न बसणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे गोरं करणारं क्रीम. फेअर अँड लव्हली हे क्रीम आपल्याकडे १९७५ मध्ये आलं. सावळी मुलगी, तिला नाकारणारी नोकरी किंवा स्थळ, मग क्रीम, मग यश, ही गोष्ट आपण किती वेळा पाहिली! इथे बाईची गरज भागवण्याआधी तिच्या मनात एक उणीव तयार केली गेली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातींविरुद्ध मोहीम केली आणि २००३ मध्ये कंपनीला दोन जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०२० मध्ये क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. यात एक गंमत अशी की घरातले पुरुष हे क्रीम गुपचूप लावत होतेच. ते हेरून इमामी कंपनीनं २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळ्या नावानं वेगळी ट्यूब काढली. बाईचं क्रीम लावतो हे कळलं तर काय, ही पुरुषाची लाज. तिचेही पैसे झाले. शिक्का मारला की त्याचा काच दोघांनाही होतो, तो असा.

बुधवार पेठेचं नाव घेतलं की काही जण आवाज खाली करतात, ते मला ठाऊक आहे. याच पेठेत अशा बायका राहतात ज्यांच्यासाठी पावडर, लिपस्टिक, गजरा ही हौस नाही, तो धंद्याचा रोजचा खर्च आहे. बाजारानं त्यांना ग्राहक म्हणून केव्हाच ओळखलं. नागरिक म्हणून ओळख मिळायला मात्र फार वेळ लागला. राहण्याचा पुरावा नसतानाही त्यांना आधार कार्ड मिळावं, त्यांना सन्मानानं वागवावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या मे महिन्यात दिले. बाईच्या गरजा म्हणजे नटण्याच्या गरजा, असं धरून चालणाऱ्या समाजात हेच व्हायचं.

तसं धरून चालणारे फक्त दुकानदार असतात असंही नाही. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला. त्या वेळी कुंकू, टिकली, आळता, काचेच्या बांगड्या यांवर शून्य कर ठेवला गेला. आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के. टिकली जीवनावश्यक आणि पाळीचं साधन करपात्र! देशभरातल्या बायका बोलल्या, न्यायालयात गेल्या, आणि वर्षभरानं, २०१८ च्या जुलैत, तो कर रद्द झाला. टिकलीवर कर लावा असं माझं म्हणणं नाही. पण ती यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती बाई होती, ते त्या यादीवरून कळतं.

हे सगळं सुरू कुठे होतं? तर भातुकलीत. सावंतवाडीची लाकडी भातुकली, पितळेची भातुकली, या फार सुंदर वस्तू आहेत. पूर्वी भातुकलीत मुलगेही असायचे, निदान जेवायला तरी यायचे. आता प्लास्टिकचा गुलाबी स्वयंपाकघर-संच मिळतो आणि खोक्यावर मुलीचा फोटो असतो. शेजारी पाना-पक्कड-हातोडीचा संच असतो, त्याच्या खोक्यावर मुलाचा. एका विद्यार्थिनीनं टिपणात लिहिलं होतं, ‘गुलाबी संचात गॅसची शेगडी आहे, सिलिंडर आहे, पण सिलिंडर जोडायला पाना नाही. तो पलीकडच्या निळ्या खोक्यात आहे.’ मी या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले. तुळशीबाग आणि तपकीर गल्ली यांच्यामधली भिंत तिला दोन खोक्यांमध्ये सापडली. आमच्या शेजारच्या आजींची अंधारातली रात्र तिथूनच सुरू झाली होती.

आणि ही भिंत उभी आहे ती कोणत्या पेठेत? दगडूशेठ गणपतीच्या देवळासमोर भिडे वाडा होता. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. मोडकळीला आलेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये उतरवण्यात आला. पण जागा तीच आहे. फुल्यांच्या शाळांत मुलींना वाचन, व्याकरण, अंकगणित शिकवलं जात होतं. मुलींसाठी हलकं, वेगळं अंकगणित त्यांनी काढलं नाही. पुढे १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, निघालं, तेव्हा मात्र पुण्यात मोठा वाद झाला. मुलींना घरकामाला उपयोगी पडेल असंच शिकवावं, शाळेचे तास कमी असावेत, असं ‘मराठा’ पत्रातून मांडलं जात होतं. म्हणजे ‘खास महिलांसाठी’ असा एक अभ्यासक्रमही निघू घातला होता. तो वाद ज्या मुलींनी आणि पालकांनी झुगारून दिला, त्यांच्यामुळे आज मी इथे बोलते आहे.

‘महिलांसाठी’ हे शब्द चांगल्या अर्थानं वापरल्याची उदाहरणंही याच शहरात आहेत. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केलं. ते स्त्रियांचं मासिक होतं आणि बाईला विचार करणारी वाचक समजून तिच्याशी बोलत होतं. ग्राहक चळवळीचंही तसंच. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. वजन बघा, किंमत बघा, पावती मागा, हे त्या चळवळीनं सामान्य घरांना शिकवलं. आता त्यात आणखी एक प्रश्न घालायला हवा. या वस्तूत माझ्यासाठी म्हणून नेमकं काय केलं आहे? माझ्या शरीराच्या, माझ्या कामाच्या सोयीचं काही असेल तर जरूर घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी घ्या. फक्त रंग असेल, तर पुढच्या फळीवरची वस्तू पाहा.

हे पाहणं आता सोपं झालं आहे. गेल्या काही वर्षांपासून बऱ्याच पाकिटांवर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमची किंवा दर मिलीलिटरची किंमतही छापलेली असते. चष्मा लावून तेवढी ओळ वाचा आणि पुरुषांच्या व बायकांच्या डब्यांची तुलना करा. एखादी जाहिरात बाईला किंवा पुरुषाला असं एका साच्यात कोंबते आहे असं वाटलं, तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेकडे कोणीही तक्रार करू शकतं. २०२२ मध्ये या संस्थेनं अशा साचेबंद चित्रणाविरुद्ध वेगळी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आहेत. तक्रारीला पैसे पडत नाहीत, थोडा वेळ पडतो.

आणि एक काम तर आपल्या घरातच करण्यासारखं आहे. दिवाळी जवळ आली की घराघरांतून दोन फेऱ्या निघतात. एक तुळशीबागेत, सोऱ्याची चकती नाहीतर नवा झारा आणायला. दुसरी तपकीर गल्लीत, माळा, वायर आणि होल्डर आणायला. या वर्षी सोऱ्या आणायला मुलाला पाठवा, कोणती चकती शेवेची आणि कोणती चकलीची हे विचारून येऊ दे त्याला. वायर आणायला मुलीला पाठवा. किती एमएमची हवी ते तिला आधी घरी समजावून सांगा. आणि आजी घरात असतील तर त्यांनाही मीटरजवळचा तो डबा उघडून दाखवा, खटका कसा वर करायचा ते एकदा त्यांच्याच बोटानं करून बघू द्या.